रोस्कॉफला जाताय? मग या चुका तरी टाळा

फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रिटनी प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावर रोस्कॉफ नावाचं छोटंसं बंदर आहे, इंग्लंडात राहणारे आपले बरेच लोक प्लिमथहून फेरीने फ्रान्सला जाताना इथेच उतरतात. आणि पहिली चूक तिथेच करतात, गाडी बोटीतून बाहेर काढली की थेट हायवे. गाव फेरीच्या धक्क्यापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे हो! निदान एक रात्र तरी थांबा.

आता सगळ्यात मोठी चूक, जी बघून बघून मी थकलोय. भरती-ओहोटीचं वेळापत्रक न बघता दिवस ठरवणं. इथे उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पाण्यात आठ-नऊ मीटरचा फरक पडतो, म्हणजे सकाळी बोटी डुलत असतात ते जुनं बंदर दुपारी पार कोरडं, बोटी चिखलात टेकलेल्या. समोरच्या 'बा' नावाच्या बेटावर जाणारी बोट भरतीला जुन्या बंदरातून सुटते, पण पाणी उतरलं की समुद्रात अर्ध्या किलोमीटरहून लांब गेलेला जो पायी चालायचा धक्का आहे त्याच्या टोकाहून सुटते.

एका मित्राच्या घरच्यांना मी हे आदल्या दिवशी नीट सांगितलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन, "अहो, बोट रद्द झाली की काय, इथे तर पाणीच नाही!" सगळे जुन्या बंदरात उभे, बरोबर दोन पोरं आणि गुडघे दुखणारी आजी. म्हटलं धक्क्याकडे निघा, पण आजींना घेऊन टोकापर्यंत पोचेपर्यंत बोट सुटली होती, पुढची बरीच उशिरा. त्यात मित्राला वाटलं समोर वाळू आणि खडकच दिसतायत, बेट हाकेच्या अंतरावर आहे, चालतच जाऊया. मी फोनवर अक्षरशः ओरडलो. मधली खाडी ओहोटीलाही पूर्ण रिकामी होत नाही आणि तिथल्या पाण्याला ओढ भयानक असते, बेटावर फक्त बोटीनेच जायचं. लोकांना वेळापत्रक बघायची दोन मिनिटं जड जातात आणि मग अख्खा दिवस जातो, हे मला खरंच कळत नाही. माझी सवय अशी की हॉटेल बुक करायच्या आधी तिथी बघायची. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी. आजी-आजोबा बरोबर असतील तर भांगाचे दिवस आणि भरतीची वेळ धरा, चाल वाचते.

बेटावर गेलात तर तासाभरात परत फिरू नका. दीपगृहाच्या 198 पायऱ्या आहेत, आणि पूर्वेच्या टोकाला जॉर्ज दलासेल या पॅरिसच्या माणसाने 1897 पासून उभी केलेली बाग, ब्रिटनीत चक्क ताडामाडाची झाडं.

दुसरी माझी लाडकी चूक म्हणजे कांदा न समजून घेता गाव बघणं. इथला गुलाबी कांदा आपल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्यासारखाच गोडसर आणि वेणी घालून विकतात. 1828 मध्ये आंरी ओलिव्हिए नावाचा माणूस बोट भरून कांदा घेऊन प्लिमथला गेला, सगळा विकून आला, आणि मग दरवर्षी इथले शेतकरी आणि पोरं पलीकडे जाऊन दारोदार फिरून, पुढे सायकलच्या हँडलला वेण्या टांगून कांदा विकू लागली. इंग्रज त्यांना 'जॉनी' म्हणायचे. सोपं नव्हतं ते, नोव्हेंबर 1905 मध्ये साउथँप्टनहून निघालेली हिल्डा बोट सेंट-मालोजवळ खडकावर आपटून बुडाली, शंभरावर माणसं गेली, त्यात निम्म्याहून जास्त घरी परतणारे जॉनी होते. ही गोष्ट जॉनींच्या छोट्या म्युझियममध्ये ऐका आणि मगच बाजारात जा. तुम्ही आलात ती फेरीसुद्धा 1973 मध्ये इथल्या भाजीवाल्या शेतकऱ्यांनीच आपला माल पलीकडे न्यायला सुरू केली.

कांदा घेताना सुटा घेऊ नका, शिक्का असलेली वेणी घ्या. आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, हवेशीर जागी टांगा. पहिला कच्चाच खा, शिजवायची घाई कशाला.

चर्चसमोर सेल्फी काढून निघणं हीसुद्धा चूकच. भिंतींवर वर बघा, दगडात जहाजं कोरलीयत, कारण पैसा जहाजमालकांचा होता.

जेवायला अडीचला जाऊ नका, किचन बंद झालेलं असतं. शाकाहारी असाल तर कुट्टूच्या पिठाची गॅलेट, म्हणजे इथलं धिरडं, सांगताना 'हॅम नको' हे आधी सांगा.

पॅरिसहून येणाऱ्यांनी मोर्लेला उतरून पुढे ट्रेन शोधत बसू नये, 2018 च्या अतिवृष्टीत तो रेल्वेमार्ग खचल्यापासून बसच पकडावी लागते. बसची वेळ आधी बघून ठेवा, रविवारी तर नक्कीच.