चार दिवस तापानं खाडा पडला, ही रजा कायद्यात बसते का?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या टाइम ऑफिसात मी बरीच वर्षं हजेरी सांभाळली. पावसाळ्यात रोज एक तरी माणूस औषधाची चिठ्ठी पुढे करून विचारायचा, "साहेब, हे चालतंय काय?" आजार मोठा की छोटा, यावर त्याचं उत्तर ठरत नाही. तुम्ही कुठल्या कायद्याखाली येता आणि कागद कुणाच्या सहीचा आहे, यावर ठरतं.

सगळ्यात आधी पगाराची चिठ्ठी काढा. ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची कपात दिसते का? ती पगाराच्या 0.75 टक्के असते, म्हणजे 15,000 पगारावर 113 रुपये. मालक वर 3.25 टक्के भरतो. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेले यात येतात. मध्येच पगारवाढ होऊन हा आकडा ओलांडला, तरी वर्गणीची ती चालू सहामाही संपेपर्यंत माणूस ईएसआयमध्येच राहतो. वाढ झाल्याबरोबर कपात बंद करणारे हिशेबनीस मी पाहिलेत, तेव्हा चिठ्ठी नीट बघा.

कपात होत असेल, तर पुढची पायरी डॉक्टरची, आणि बहुतेक जण घसरतात ते इथंच. गल्लीतल्या डॉक्टरकडे इंजेक्शन घेतलं, बरं वाटलं, पाचव्या दिवशी कामावर गेलं की कागद काहीच हातात नसतो. ज्या दिवशी काम सुटलं त्याच दिवशी आपल्या ईएसआय दवाखान्यात किंवा अशोकनगरच्या ईएसआय हॉस्पिटलात जाऊन पहिलं सर्टिफिकेट घ्या, आणि परत रुजू होताना शेवटचं. खासगी डॉक्टरचा कागद ईएसआय महामंडळ कधीकधी मान्य करतं, पण तो त्यांच्या मर्जीचा मामला. त्यावर विसंबू नका. शिवाय उपचार चालू असताना डॉक्टरांना न विचारता गाव सोडायचं नाही. तापाच्या रजेत यल्लम्माच्या डोंगरावर दिसलात, तर पुढं काही बोलायला तोंड राहत नाही.

आता पैसे. त्यासाठी मागच्या ठरावीक सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते. जानेवारी ते जूनमध्ये आजारी पडलात, तर आदल्या वर्षीचे एप्रिल ते सप्टेंबर बघायचे. जुलै ते डिसेंबरसाठी त्याआधीचे ऑक्टोबर ते मार्च. नव्यानं लागलेल्याला साधारण नऊ महिने थांबावं लागतं, उपचार मात्र आधीपासून मिळतात. भत्ता सरासरी रोजाच्या 70 टक्के, वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस. पहिले दोन दिवस कोरडे जातात. म्हणजे 500 रुपये रोजाचा माणूस पाच दिवस आजारी पडला, तर तीन दिवसांचे 350 प्रमाणे 1,050 रुपये. आधीच्या आजारपणाला पंधरा दिवस व्हायच्या आत परत पडलात, तर ते दोन दिवसही कापत नाहीत.

पैसे मिळणं आणि नोकरी वाचणं यांची गल्लत करू नका. 1948च्या ईएसआय कायद्यातलं 73वं कलम असं की, रीतसर सर्टिफिकेट असलेल्या आजारपणात कामगाराला काढता येत नाही, शिक्षाही करता येत नाही. कोरडे दोन दिवसही त्यात आले. फक्त 21 नोव्हेंबर 2025पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, म्हणून अर्जात कलमाचा आकडा घालण्याआधी ईएसआयच्या शाखा कार्यालयात विचारून घ्या.

ईएसआय नसेल, तर प्रश्न येतो हद्दीचा. गणपत गल्लीतल्या कापडाच्या दुकानात काम करणाऱ्याला कर्नाटकचा 1961चा दुकाने कायदा लागतो. त्यात आजारपण, अपघात किंवा तसंच सबळ कारण असेल तर वर्षाला बारा दिवस भरपगारी रजा आहे. तोच माणूस पलीकडं चंदगड तालुक्यातल्या एखाद्या वीस-पंचवीस नोकरांच्या शोरूममध्ये लागला, तर महाराष्ट्राचा 2017चा कायदा. तिथं आठ दिवस किरकोळ रजा, आजारपणाची वेगळी नाही. राहता कुठं, रेशनकार्ड कुठलं, याला इथं अर्थ नाही. दुकान कुठल्या राज्यात ते बघायचं. ईएसआय मात्र केंद्राचं, त्यामुळं हद्दीपलीकडच्या शिनोळीच्या कारखान्यात जाणाऱ्या बेळगावकराचा विमा क्रमांक हद्दीपाशी अडत नाही.

कारखान्यात आहात आणि ईएसआयच्या पगारमर्यादेच्या वर आहात, तर वेगळी आजारी रजा कारखाने कायद्यात नव्हतीच. कंपनीच्या स्थायी आदेशात, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांत, किंवा युनियनच्या करारात काय लिहिलंय ते बघा, नाहीतर साठलेली रजा खर्च करा.

आणि पहिल्याच दिवशी सुपरवायझरला व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाका: ताप आहे, दवाखान्यात चाललोय, सर्टिफिकेट पाठवतो. फोनवर सांगितलेलं नंतर कुणाला आठवत नाही. मूळ सर्टिफिकेट देण्याआधी झेरॉक्स काढा, आणि त्या झेरॉक्सवर टाइम ऑफिसची पोच घ्या.