घोड्यांच्या कुरणावर कामाला लागताना

कृषी किंवा पशुसंवर्धनाची पदविका घेऊन पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मवर, म्हणजे घोड्यांची पैदास होते तिथे, रुजू होणाऱ्या मुलांना ओढ असते ती घोड्यांची. वाट्याला मात्र आधी गवत येतं: पॅडॉक (घोडे चरायला सोडायचा कुंपणाचा तुकडा), पाणी, लीद, कुंपण. मी हेच काम करतो आणि मला ते मनापासून आवडतं. नव्याने येणाऱ्याला जे सुरुवातीलाच माहीत असायला हवं, ते इथे लिहितोय.

गाईच्या चराईचे आडाखे घोड्याला लावू नका. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, ती जिभेने वेढून गवत ओढते, म्हणून बुडखा शिल्लक राहतो. घोडा वरच्या-खालच्या दातांत धरून जमिनीलगत कातरतो आणि नवा कोंब फुटला की पुन्हा तिथेच येतो. एकाच पॅडॉकमध्ये घोडे महिनाभर राहिले की एका बाजूला हरळी मातीला चिकटलेली असते आणि दुसरीकडे गर्द हिरवं, गुडघाभर गवत तसंच उभं असतं. त्या उंच गवतात शिरून पायाखाली बघा, लीद सापडेल. घोडे ठरावीक भागात लीद टाकतात आणि तिथलं गवत सहसा खात नाहीत. फाटकाबाहेरून बघणाऱ्याला वाटतं, चारा भरपूर आहे. घोडे मात्र मुळं खरवडत असतात.

आमच्याकडे साधं माप आहे. गवत वीतभर झालं की घोडे आत, चार बोटं उरलं की बाहेर. दिवस ठरवून फाटक उघडायचं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हरळी तीन आठवड्यांत पुन्हा तयार होते, पण डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींत पाणी देऊनही दीड-दोन महिने लागतात. साधारण ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला १० किलोच्या आसपास कोरडा चारा लागतो. तो सगळा पॅडॉकमधून मिळेल असं आपल्या भागात गृहीत धरू नका. तबेल्यातली वैरण चालूच राहते.

आता जंतांचं. या कामात सगळ्यात जास्त डोकं इथे लागतं. विलायती पुस्तकांतलं वेळापत्रक जसंच्या तसं उचललं तर नुकसान होतं, कारण तिकडचा उन्हाळा आपल्या उन्हाळ्यासारखा नसतो. लिदीतल्या अंड्यांतून अळ्या निघतात आणि ओल्या पात्यावरून वर चढून घोड्याच्या तोंडात जातात. ओल आणि ऊब मिळाली तर या अळ्या आठवडा-दोन आठवड्यांत तयार होतात, म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून किमान दोनदा लीद उचललीच पाहिजे. चेन हॅरो (जमिनीवरून ओढायची साखळ्यांची जाळी) फिरवून लीद फोडायची ती फक्त एप्रिल-मेमध्ये, तीही रिकाम्या आणि पाणी बंद केलेल्या पॅडॉकमध्ये. फुटलेली लीद त्या उन्हात वाळते आणि अळ्या मरतात. तोच हॅरो जुलैत फिरवला तर एका कोपऱ्यातली लागण सगळ्या पॅडॉकभर पसरते.

हे शिंगरांसाठी फार महत्त्वाचं आहे. शर्यतीच्या घोड्याचं वय आपल्याकडे १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीला घोडी वेतील असंच नियोजन असतं. घोडी ११ महिने गाभण राहते. जानेवारी ते एप्रिलमध्ये जन्मलेलं शिंगरू साधारण सहा महिन्यांचं झालं की आईपासून तोडतात, म्हणजे ऐन पावसाळ्यात. आई नाही, अंगात प्रतिकारशक्ती पुरती आलेली नाही आणि गवतावर अळ्या सगळ्यात जास्त, हे तिन्ही एकाच वेळी येतं. त्यामुळे या शिंगरांचा पॅडॉक मे महिन्यातच ठरवून मोकळा ठेवावा लागतो. त्यातलं पहिलं गवत कापून वाळवावं, किंवा गाई सोडाव्यात. घोड्याचे बहुतेक जंत गाईच्या पोटात जगत नाहीत आणि लिदीभोवतीचं उंच गवत गाई खाऊन टाकतात. गाईंच्या अंगावर गोचीड नाही ना, हे मात्र आधी तपासा. दरवर्षी तोच पॅडॉक शिंगरांना देऊ नका, कारण त्यांच्यातल्या गोल जंतांची अंडी मातीत काही वर्षं टिकतात आणि उन्हालाही सहज दाद देत नाहीत.

औषध पाजलं की लगेच स्वच्छ पॅडॉकमध्ये न्यायचं, ही जुनी पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी चालते. मला ती पटत नाही. औषधाला न जुमानणारे जे थोडे जंत पोटात उरतात, त्यांचीच अंडी नव्या गवतावर पडतात आणि पुढे औषध लागू पडेनासं होतं. आधी लिदीची तपासणी करून एका ग्रॅममागे किती अंडी आहेत ते बघावं आणि औषधाचं डॉक्टरांवर सोडावं.

काळ्या जमिनीवर झडीच्या दिवसांत घोडे गवतावर सोडायचेच नाहीत. मुरमाड जागेवर एक पॅडॉक राखून ठेवा आणि तिथे वाळलेलं गवत टाका. पाऊस उघडला की हरळीखालची मूठभर माती दाबून बघा. बोटांना लगदा चिकटला तर थांबा. मुठीत गोळा होऊन अंगठ्याने टिचकी मारताच फुटला, तर वाफसा आलाय. वाफसा नसताना धावणाऱ्या घोड्यांचे खूर हरळीचे तंतू उखडून टाकतात आणि त्या भेगांत गाजर गवत घुसतं.

शेजारच्या गोठ्यातला हिरवागार संकरित नेपिअर हा गवताचा चारा बघून मोह होतो. दुभत्या जनावरांना तो चालतो, कारण त्यातलं ऑक्झलेट हे घातक द्रव्य त्यांच्या पोटात बऱ्याच अंशी मोडतं. घोड्याच्या पोटात ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. मग शरीर हाडांमधून कॅल्शियम ओढतं, घोडा लंगडतो, जबड्याची हाडं सुजतात. वर गव्हाचा कोंडा चालू असेल तर आणखी वाईट, त्यात फॉस्फरस भरपूर असतो. आपल्याकडचं मारवेल गवत लावावं, आणि कॅल्शियमसाठी लसूणघास हाताशी असावा; राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं आरएल-८८ हे वाण आपल्या भागात चांगलं येतं. चारा बदलताना आठवडा-दीड आठवडा घ्या. घोड्याला ओकता येत नाही, अचानक बदल झाला की पोटशूळ उठतो.

कुंपणाला काटेरी तार नको, आणि शोभेची कण्हेर तर अजिबात नको. तिची थोडी पानंसुद्धा घोड्याचा जीव घेतात, वाळलेलीही.

प्रत्येक पॅडॉकला वहीत वेगळं पान ठेवा: घोडे कधी आत गेले, कधी बाहेर आले, गवत किती होतं, लीद कधी उचलली, युरिया कधी टाकला, पाऊस किती झाला. पाळीवरच्या सईसांना, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्यांना, विचारून लिहा, कारण कुठली घोडी कुठल्या कोपऱ्यात उभी राहते हे त्यांनाच ठाऊक असतं. तपासणीत अंडी वाढलेली दिसली की डॉक्टर पहिल्यांदा हीच वही मागतात, आणि शिंगरांचा पॅडॉकही मे महिन्यात तिच्यावरूनच ठरतो.