पोलिसांकडे आपल्याविरुद्ध अर्ज कोणी दिला, हे अपिलाच्या मार्गाने कसे विचारावे

पोलीस ठाण्यातून फोन येतो, "तुमच्याविरुद्ध अर्ज आला आहे, जबाब द्यायला या," आणि तेथे गेल्यावर अर्ज कोणाचा आहे हे मात्र सांगितले जात नाही. अशा वेळी हुज्जत घालण्याऐवजी अर्जाचा आवक क्रमांक, तारीख आणि चौकशी करणाऱ्या अंमलदाराचे नाव लिहून घ्यावे, कारण पुढची सगळी कागदपत्रे याच तीन गोष्टींवर उभी राहतात.

गुन्हा नोंद झाला आहे की केवळ अर्जाची चौकशी चालू आहे, हे आधी ठरवावे. गुन्हा नोंद झाला असेल, तर फिर्यादीचे नाव सहसा प्रथम खबरी अहवालातच असते आणि आरोपीने रीतसर अर्ज केल्यास त्याची प्रमाणित प्रत २४ तासांत द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये युथ बार असोसिएशनच्या प्रकरणात सांगितले आहे. लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणे संकेतस्थळावर टाकली जात नाहीत, तरी आरोपी न्यायालयाकडे प्रत मागू शकतो. मात्र पीडितेची ओळख जाहीर करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार स्वतंत्र गुन्हा आहे, हे विसरू नये.

माहिती अधिकार कायद्याची खरी गरज पडते ती गुन्हा नोंद न होता निकाली निघालेल्या किंवा रेंगाळत पडलेल्या अर्जांच्या बाबतीत. महाराष्ट्रात माहिती अधिकाराच्या अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, विषय एकच असावा लागतो आणि मजकूर साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो. त्यात "माझ्याविरुद्ध कोणी तक्रार केली?" असा प्रश्न विचारू नये, कारण कायद्याने मिळते ती अभिलेखात असलेली माहिती. त्याऐवजी अमुक आवक क्रमांकाच्या अर्जाची साक्षांकित प्रत, त्यावरील चौकशी अहवाल, नोंदवलेले जबाब आणि अर्ज निकाली काढल्याचा आदेश, असे कागदांच्या नावानिशी मागावे. शेवटी एक वाक्य आवर्जून घालावे, की एखादा भाग देता येत नसेल तर कलम १० प्रमाणे तेवढाच वगळून उरलेला द्यावा. नाव झाकलेली प्रत मिळाली तरी आरोप नेमका काय आहे ते कळते, आणि बचावासाठी पुष्कळदा नावापेक्षा तेच अधिक मोलाचे असते.

उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. पोलिसांकडे अर्ज देणारा त्रयस्थ व्यक्ती ठरत असल्याने जन माहिती अधिकारी, म्हणजे माहितीच्या अर्जाला उत्तर देणारे अधिकारी, कलम ११ खाली त्याचे म्हणणे मागवू शकतात आणि मग ही मुदत ४० दिवसांवर जाते. त्रयस्थाची हरकत विचारात घ्यावी लागते, पण केवळ ती आली म्हणून माहिती आपोआप नाकारता येत नाही.

नकार बहुधा माहिती नाकारण्याची कारणे सांगणाऱ्या कलम ८(१) च्या तीन उपकलमांपैकी एकावर येतो, आणि अपिलाचा मसुदा त्या उपकलमाला धरूनच लिहावा लागतो. "तपास चालू आहे" असे सांगून उपकलम एच लावले असेल, तर दिल्ली उच्च न्यायालयाचा २००७ चा भगत सिंग निर्णय उपयोगी पडतो. तपास चालू असणे एवढेच कारण पुरेसे नसून माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल हे अधिकाऱ्याने दाखवले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. उपकलम जे वैयक्तिक माहितीबाबत आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ ने त्यातील व्यापक जनहिताचा अपवाद काढून टाकला असल्याने आता जनहिताचा मुद्दा कलम ८(२) खाली मांडावा लागतो, आणि केवळ वैयक्तिक वैरातून नाव हवे असेल तर तो टिकणार नाही.

सर्वात अवघड असते ते उपकलम जी. जीविताला धोका होईल किंवा विश्वासाने खबर देणाऱ्याची ओळख उघड होईल, अशी माहिती ते रोखते. ते योग्यच आहे, असे मी मनापासून मानतो. हातभट्टीची किंवा वाळूउपशाची खबर देणाऱ्या गावकऱ्याला तेवढाच आधार असतो. परंतु स्वतःच्या सहीने, शेजाऱ्याशी असलेल्या बांधाच्या वादातून उघडपणे दिलेला अर्ज विश्वासाने दिलेली खबर होतो का, हा प्रश्न अपिलात स्पष्ट शब्दांत विचारावा, धोका कोणता आहे याची कारणे मागावीत, आणि तक्रारदाराशी आपला कोणताही हिंसक पूर्वेतिहास नसल्यास तेही नमूद करावे.

पहिले अपील नकार मिळाल्यापासून, किंवा उत्तरच न आल्यास मुदत संपल्यापासून, ३० दिवसांत २० रुपयांच्या स्टॅम्पसह प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे दाखल करावे. त्याचा निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत यायला हवा. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या आपल्या भागातील खंडपीठाकडे दुसरे अपील करता येते. नकार समर्थनीय होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) नुसार नकार देणाऱ्या अधिकाऱ्यावर आहे, आणि सुनावणीत बोलण्याची सुरुवात याच कलमापासून करावी. आयोगाने नाकारल्यास उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करता येते.

नाव हाती आले, तर त्या व्यक्तीच्या दारात जाऊ नये. अर्ज जाणूनबुजून खोटा असल्याचे कागदांवरून दिसत असेल, तर न्याय संहितेच्या कलम २१७ खाली कारवाईची मागणी लेखी करावी. मात्र न्यायालयात ती तक्रार संबंधित लोकसेवकालाच दाखल करावी लागते, म्हणून मागणीची पोहोच घेऊन ठेवावी.