कथक शिकणाऱ्यांनो, पढंत मागे ठेवू नका

बारावीनंतर कथकची पदवी घ्यायला निघालेल्यांचा तत्कार (तालातले मूळ पदन्यास) बहुधा बसलेला असतो, त्रितालातले तोडे-तुकडे (छोट्या नृत्यरचना) हातापायांत असतात आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमापर्यंतच्या परीक्षाही झालेल्या असतात. म्हणून त्याविषयी येथे लिहीत नाही. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रासारख्या ठिकाणी शिकताना रियाजाला वेळ आणि जागा दोन्ही मिळतात. मात्र एक गोष्ट अभ्यासक्रमात असूनही विद्यार्थ्यांच्या हातून सुटते आणि मला स्वतःला ते फार महागात पडले. ती गोष्ट म्हणजे पढंत, नृत्याचे बोल तालात तोंडाने म्हणणे. तिच्याविषयी सविस्तर लिहिते.

घरी आपण मोबाइलवर लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाइतकी पुन्हा पुन्हा वाजणारी धून, लावून नाचतो. तो लेहरा कधी चढत नाही, उतरत नाही आणि रोज तीच धून वाजते. काही महिन्यांत कान मात्रा (तालाचे ठोके) मोजणे सोडून देतो आणि धुनेतला ओळखीचा स्वर आला की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली असे समजू लागतो. मंचावर संवादिनीवर निराळा लेहरा सुरू झाला आणि तबल्याचा ठेका भरीव झाला की तो स्वर सापडत नाही, आणि पाठ असलेली तिहाईसुद्धा (तीनदा म्हणून समेवर संपवायचा बोलसमूह) समेच्या अलीकडे किंवा पलीकडे पडते.

यावर उपाय पढंतीचा आहे. हाताने ताल धरून, मोठ्याने, लेहऱ्याशिवाय बोल म्हणावेत आणि तिहाईचे गणित स्वतः मांडावे. सोळा मात्रांच्या त्रितालात पहिल्या मात्रेपासून उचललेली पाच मात्रांच्या बोलांची तिहाई, मध्ये एकेक मात्रेचा दम (विराम) घेतला, तर पाच, एक, पाच, एक, पाच अशी सतरा मात्रांची होते. तिन्ही वेळचे शेवटचे बोल, म्हणजे ‘धा’, पाचव्या, अकराव्या आणि सतराव्या मात्रेवर पडतात, आणि ही सतरावी मात्रा म्हणजेच पुढची सम. हे उमगले की झपतालाच्या दहा मात्रांत तीन, एक, तीन, एक, तीन अशी तिहाई तुम्ही स्वतः बांधू शकता. ज्याने ती केवळ शरीराने पाठ केली आहे, तो ताल बदलताच अडतो.

शिकवायला लागल्यावर तर पढंतीवाचून गत्यंतरच नाही. समोर पंधरा-वीस मुली तत्कार करत असताना तुम्हाला बोल म्हणायचे असतात, हाताने टाळी-खाली (तालातल्या टाळीच्या आणि बिनटाळीच्या जागा) दाखवायची असते आणि कोणाची टाच उशिरा पडते आहे याकडेही लक्ष ठेवायचे असते. सतत स्वतः नाचून दाखवणाऱ्या शिक्षकाला मुलींचे पाय दिसत नाहीत, आणि मुली त्याच्याकडे पाहून नाचायची सवय लावून घेतात. माझ्या मते गुरू निवडताना त्यांचे नाव किती मोठे आहे यापेक्षा ते लहान मुलांच्या वर्गात तुम्हाला पढंतीला बसवतात का, हे पाहावे. दोन दिवसांच्या कार्यशाळेत एखादी बंदिश (बांधलेली रचना) मिळेल, बैठक, म्हणजे पक्का पाया, मिळणार नाही. प्रमाणपत्रांची फाइल जाड करण्यात वेळ घालवू नका.

सुरुवातीला आवाज कापतो, हात आणि तोंड जुळत नाहीत. घाबरू नका, हे प्रत्येकाचे होते आणि रोज थोडा वेळ दिला तर नक्की सुटते.

पैशांचेही स्पष्ट सांगते. पहिली काही वर्षे कार्यक्रमांतून पोट भरत नाही. उलट तबला आणि संवादिनीच्या साथीदारांचे मानधन अनेकदा स्वतःलाच द्यावे लागते. घर चालते ते प्रारंभिक-प्रवेशिका या सुरुवातीच्या परीक्षांच्या वर्गांवर. सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ या वयात मिळू शकते आणि दोन वर्षे दरमहा ५,००० रुपये मिळतात, तेव्हा पदवीच्या काळातच अर्ज करा. ‘मंच देतो’ म्हणून सहभाग शुल्क मागणाऱ्यांना मात्र सरळ नकार द्या. त्याच पैशांत साथीदारांबरोबर आणखी एक तालीम होते, आणि त्या तालमीत पढंत दुसऱ्याकडे न सोपवता स्वतः करा.