ठाणे व नवी मुंबईत आपल्या नावावर वॉरंट निघाले आहे का, हे कसे तपासावे

आपल्याविरुद्ध किंवा घरातील कोणाविरुद्ध न्यायालयाने वॉरंट काढले आहे का, अशी शंका आली की बहुतेक जण प्रथम अशी एखादी सरकारी यादी शोधू लागतात, जिच्यात नाव टाकताच उत्तर मिळेल. अशी सर्वांसाठी खुली यादी आपल्याकडे नाही. वॉरंट, म्हणजे कायद्याच्या भाषेतील अधिपत्र, हे एखाद्या खटल्यात न्यायाधीशांनी दिलेल्या आदेशातून निघते आणि त्याची नोंद त्या खटल्याच्या रोजनाम्यात, म्हणजे तारीखवार कामकाजाच्या नोंदीत, होते. म्हणून आधी खटला शोधावा लागतो. तो सापडला की वॉरंटचा माग लागतो.

ही वेळ साध्यासुध्या माणसांवरही येते. ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली या पट्ट्यात दर अकरा महिन्यांनी भाड्याचे घर बदलणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. धनादेश न वटल्याची तक्रार झाली, समन्स कळव्याच्या जुन्या पत्त्यावर गेले आणि माणूस तोवर घणसोलीला राहायला गेलेला असला, तर खटला चालू असल्याचे त्याच्या कानावरही येत नाही. साधारण क्रम असा असतो की आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट आणि त्यानंतरही माणूस हजर झाला नाही तर अजामीनपात्र वॉरंट निघते. अजामीनपात्र वॉरंट यांत्रिकपणे काढू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली बजावले आहे. तरीही समन्स हातात न पडलेल्या माणसाला पुढची पायरी कळण्याचा मार्ग बहुधा एकच उरतो, तो म्हणजे दारात आलेले पोलीस. त्याआधी स्वतः तपासून घेणे केव्हाही बरे.

‘इतकी वर्षे झाली, आता वॉरंट संपले असेल’ हा समज मात्र मनातून काढून टाकावा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 72 नुसार अटकेचे वॉरंट लेखी असावे लागते, त्यावर न्यायाधीशांची सही आणि न्यायालयाचा शिक्का असावा लागतो, आणि न्यायालय ते रद्द करेपर्यंत किंवा त्याची अंमलबजावणी होईपर्यंत ते कायम राहते. 1973 च्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हीच तरतूद कलम 70 मध्ये होती, त्यामुळे जुन्या खटल्यांच्या आदेशांत तो आकडा दिसेल. अशा वॉरंटची बजावणी देशात कोठेही करता येते.

शोध सुरू करण्यापूर्वी न्यायालय कोणते, हे ठरवावे लागते आणि बहुतेकांची चूक येथेच होते. ठाणे शहरातील खटल्यांसाठी कोर्ट नाक्यावरील जिल्हा व सत्र न्यायालयाचे संकुल पाहावे; डोंबिवलीसाठी कल्याण, तर वाशी, नेरूळ, तुर्भे, कोपरखैरणे या भागांसाठी सीबीडी बेलापूर. खारघर, कामोठे, कळंबोली आणि नवीन पनवेल येथील पोलीस ठाणी नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाखाली असली, तरी हा भाग रायगड जिल्ह्यात मोडतो आणि तेथील खटले पनवेलच्या न्यायालयात चालतात. संकेतस्थळावर ठाणे जिल्हा निवडून खारघरचा खटला शोधत बसणाऱ्याला तो सापडणार नाही, आणि ‘काहीच नाही’ असे समजून तो निर्धास्त होईल. धनादेशाच्या खटल्यांत आणखी एक मेख आहे. धनादेशांच्या कायद्यातील 2015 च्या दुरुस्तीनंतर, खात्यामार्फत वटवायला दिलेल्या धनादेशाचा खटला, धनादेश घेणाऱ्याचे खाते ज्या बँक शाखेत असते त्या शाखेच्या हद्दीतील न्यायालयात दाखल होतो. त्यामुळे कर्ज देणारी कंपनी दुसऱ्या शहरातील असेल, तर ठाण्यात राहणाऱ्याचा खटला पुण्यात किंवा थेट दुसऱ्या राज्यातही असू शकतो. ज्याला धनादेश दिला होता त्याची बँक कोणती, ती शाखा कोठे, हे आधी आठवून पाहावे.

प्रत्यक्ष शोध ई-कोर्ट्स या सरकारी संकेतस्थळावर किंवा त्याच नावाच्या मोबाइल ॲपवर विनाशुल्क घेता येतो. खटल्याचा सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक हाताशी असेल तर बाकी काहीच लागत नाही. महाराष्ट्रातील सीएनआरची सुरुवात ‘एमएच’ या अक्षरांनी होते आणि जुन्या समन्सवर किंवा नोटिशीवर तो अनेकदा छापलेला असतो. तो नसेल तर राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून पुढे जावे. गुन्हा पोलिसांत नोंदलेला असेल, तर पोलीस ठाणे, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर, म्हणजे एफआयआरचा क्रमांक) आणि वर्ष भरून शोधता येते; मात्र तपास चालू असून न्यायालयात काहीच दाखल झालेले नसेल, तर तेथे काही दिसणार नाही.

हाती कोणताच क्रमांक नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधावे लागते आणि येथे चिकाटी लागते. नावासोबत खटला नोंदवल्याचे वर्ष भरावे लागते, म्हणून शंका असलेल्या काळातील प्रत्येक वर्ष वेगळे तपासावे. नोंदी बहुतांशी इंग्रजी अक्षरांत असतात आणि आपल्या आडनावांचे स्पेलिंग लिहिणाऱ्यागणिक बदलते. सावंत हे आडनाव कोणी ‘व्ही’ने लिहितो, कोणी ‘डब्ल्यू’ने, चौधरी तर चार तऱ्हांनी सापडते. पूर्ण नाव टाकण्याऐवजी आधी केवळ आडनाव, मग केवळ पहिले नाव असे शोधून पाहावे. प्रलंबित आणि निकाली अशा दोन्ही प्रकारांत शोध घ्यावा.

खटला सापडला की त्याचा प्रकार पाहावा. आरसीसी म्हणजे नियमित फौजदारी खटला, तर एससीसी म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला. आपल्याकडे धनादेशाचे खटले सहसा याच दुसऱ्या सदरात असतात. त्यानंतर सुनावण्यांचा तक्ता उघडून प्रत्येक तारखेसमोरचा ‘हेतू’ वाचावा. तेथे ‘एनबीडब्ल्यू’ असे आढळले तर अजामीनपात्र आणि ‘बीडब्ल्यू’ असे आढळले तर जामीनपात्र वॉरंटचा टप्पा समजावा. तारखेवर टिचकी मारल्यास त्या दिवसाच्या कामकाजाची थोडक्यात नोंद उघडते. एका खटल्यात अनेक आरोपी असतील, तर वॉरंट नेमके कोणाविरुद्ध आहे हे टप्प्याच्या नावावरून कळत नाही. त्यासाठी ही रोजची नोंदच वाचावी लागते.

या माहितीच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. बालकांवरील आणि लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांत, तसेच कौटुंबिक वादांत, नावे किंवा आदेश झाकलेले असू शकतात, आणि ते योग्यच आहे. शिवाय नावसाधर्म्यावरून निष्कर्ष काढणे फार धोक्याचे असते. भाडेकरूची किंवा होऊ घातलेल्या सोयरिकीची माहिती काढताना तेच नाव एखाद्या खटल्यात दिसले, म्हणून तो माणूस तोच, असे धरून चालू नये. वडिलांचे नाव, पत्ता, वय यांचा मेळ बसल्याखेरीज शब्दही उच्चारू नये, असे मला मनापासून वाटते. एवढ्यावरून एखाद्याचे घर वा नोकरी जाऊ शकते.

पक्की खात्री कागदावरच होते. संबंधित न्यायालयाच्या कार्यालयात खटला क्रमांक दाखवून पुढील तारीख विचारता येते आणि नक्कल विभागात अर्ज करून रोजनाम्याची व वॉरंटच्या आदेशाची प्रमाणित प्रत मागता येते. आरोपी स्वतः किंवा त्याचा वकील अर्ज करत असेल तर काम सोपे होते. त्रयस्थाला मात्र कारण द्यावे लागते.

हाच शोध फसवणुकीपासूनही वाचवतो. ‘तुमच्यावर वॉरंट आहे, व्हिडिओ कॉल बंद करू नका, पैसे भरा’ असे धमकावणारे फोन, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना, येत असतात. ‘डिजिटल अटक’ असा प्रकार कायद्यात नाही आणि पैसे हस्तांतरित केल्याने कोणतेही वॉरंट रद्द होत नाही. खटला क्रमांक आणि न्यायालयाचे नाव विचारावे, फोन ठेवावा आणि वर सांगितल्याप्रमाणे स्वतः शोधावे. पैसे गेलेच असतील तर क्षणही न दवडता सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

वॉरंट खरेच निघालेले असेल तर घर सोडून जाणे हा सर्वांत वाईट मार्ग होय, कारण पुढे फरारीची उद्घोषणा आणि मालमत्तेची जप्तीही होऊ शकते. वकिलासोबत त्याच न्यायालयात सकाळच्या सत्रात हजर होऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा. पत्ता बदलल्याचा पुरावा म्हणून दोन्ही घरांचे भाडेकरार, आजारपण असेल तर त्याचे कागद सोबत न्यावेत. न्यायालय दंडाची रक्कम भरायला सांगू शकते, जातमुचलका (स्वतः लिहून दिलेली हजर राहण्याची हमी) किंवा जामीनदार मागू शकते. अजामीनपात्र वॉरंटमध्ये कोठडीत जाण्याची शक्यता असते, म्हणून वकिलाचा सल्ला आधी घ्यावा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा 15100 या क्रमांकावर फोन करावा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मिळते.

वॉरंट रद्द झाल्यावर त्या आदेशाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागून घ्यावी. आधीच रद्द झालेल्या वॉरंटवर अटक झाल्याचे एक प्रकरण आपल्याच महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते, आणि प्रत्येक न्यायालयाने अजामीनपात्र वॉरंटची नोंदवही ठेवावी, रद्द झाल्याचे बजावणी करणाऱ्या यंत्रणेला कळवावे, अशा सूचना त्या न्यायालयाने 2011 साली दिल्या. तरीही प्रतीची एक छायाप्रत आपल्या हद्दीतील पोलीस ठाण्यात, समन्स-वॉरंटचे काम पाहणाऱ्या अंमलदाराकडे द्यावी, दुसऱ्या छायाप्रतीवर पोहोच म्हणून सही-शिक्का घ्यावा आणि पुढच्या तारखेला संकेतस्थळावरील टप्पा बदलला आहे की नाही, हे पुन्हा पाहावे.