बेळगावात गाड्यांच्या शोरूमला लागताय? आधी हे वाचा

खानापूर, निपाणी, येळ्ळूरकडची बीकॉम किंवा डिप्लोमा झालेली मुलं विचारतात, "दादा, शोरूमला लागू का?" मी बेळगावात बारा वर्षं याच लाईनला आहे. जरूर लागा. पण नवीन गाडीच्या विक्रीत मालकाला फार काही सुटत नाही, हे पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवा. शोरूम तगते ती सर्व्हिस, इन्शुरन्स, ॲक्सेसरीज आणि जुन्या गाड्यांच्या एक्सचेंजवर.

यार्डातली गाडी बहुतेक वेळा कर्जावर आणलेली असते. जितके दिवस उभी, तितकं व्याज. २०२५ च्या १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार असं जाहीर झालं आणि त्याच आठवड्यापासून आमचे फोन थंडावले. ऐन गणपतीत, जेव्हा एरवी डिलिव्हरीला रांग लागते, तेव्हा बुकिंग केलेले लोकही "थांबतो थोडं" म्हणू लागले. त्यांचं चुकलं नव्हतं. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेला, छोट्या गाड्यांवरचा कर २८ टक्के अधिक सेस (वरचा जादा उपकर) वरून १८ टक्क्यांवर आला आणि मग दसऱ्यापर्यंत जेवायला फुरसत मिळाली नाही. पण मधले पाच आठवडे रोज सकाळी यार्डात धूळ पुसताना प्रत्येक गाडीमागे व्याज चढतंय हे दिसत होतं. नवीन मुलांनी कोणती गाडी किती दिवस उभी आहे, ते रोज बघावं. सूट कुठे मिळू शकते हे तिथेच कळतं.

आता ग्राहक व्हिडिओ बघून, हुबळी-कोल्हापूरची कोटेशनं व्हॉट्सॲपवर घेऊनच येतो. त्याला मायलेज पाठ असतं. तुमच्याकडे हवी ती कागदपत्रांची माहिती, आणि आपल्या सीमाभागात ती जास्तच लागते.

माझ्याकडून झालेली चूक सांगतो. चंदगडकडचे एक काका पाडव्याला गाडी हवी म्हणून आले. चंदगडची माणसं बाजाराला बेळगावला येतात, तसेच ते आले. मी आधार कार्ड न बघताच तारीख दिली. पत्ता महाराष्ट्रातला, म्हणजे केए-२२ हा बेळगावचा नंबर मिळणार नाही. तात्पुरत्या नोंदणीवर गाडी न्यायची आणि एमएच-०९ साठी कोल्हापूर आरटीओ गाठायचं, कर तिकडचा. हे सगळं उमगून फायनान्सचे कागद फिरेपर्यंत पाडवा टळला. घरी आरतीचं ताट तयार होतं. काका रागावले नाहीत, नुसते खुर्चीत बसून राहिले. तेव्हापासून रंग कोणता हे विचारण्याआधी मी पत्ता कुठला हे विचारतो. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर नवा नंबर घ्यावा लागतो, हेही ग्राहकाला आपणहून सांगा.

कन्नड शिकाच. मराठी आपली आहे, ती कुठे जात नाही. पण गोकाक-बैलहोंगलचा शेतकरी दारात आला की "बर्री, कूडरी" (या, बसा) म्हणता आलं पाहिजे. त्याचा चेहरा लगेच खुलतो.

इलेक्ट्रिक गाड्यांचं मला मनापासून काळजीचं वाटतं. इंजिन ऑइल नाही, फिल्टर नाही, क्लच नाही. ज्या वर्कशॉपवर शोरूम उभी आहे तिथलंच काम घटणार. म्हणून ज्यांना तांत्रिक बाजू आवडते त्यांनी आत्तापासून बॅटरी आणि वायरिंगचं शिक्षण घ्यावं. अशी माणसं आपल्याकडे फार कमी आहेत. सेल्सला लागलात तरी पहिला महिना वर्कशॉपमध्ये काढू द्या म्हणून मालकाकडे हट्ट धरा. जॉब कार्ड, म्हणजे गाडीच्या कामाची नोंद, कसं भरतात, ग्राहक बिलावर का भांडतो, ते तिथेच समजतं.

पगार सुरुवातीला कमीच असतो, बाकी इन्सेंटिव्हवर. मुलाखतीला जाण्याआधी ड्रायव्हिंग लायसन्स काढा आणि खानापूर रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत चार दिवस गाडी चालवा. गियर बदलताना शेजारच्या माणसाशी शांतपणे बोलता येऊ लागलं, की अर्ज करा.