गारठ्याच्या पहाटे ट्रॅक्टर सुरू होत नाही? आधी बॅटरीचे टर्मिनल उघडा

आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि दिवस मावळल्यावर पारा झरझर उतरतोय, अशी संध्याकाळ दिसली की त्याच दिवशी ट्रॅक्टरचं बॉनेट उघडा, उद्यावर टाकू नका. सगळ्यात जास्त गारठा सूर्योदयाच्या जरा आधी असतो. भाजीपाला किंवा द्राक्षाची कोवळी फूट वाचवायला पाणी द्यायचं ते त्याच्या आत. पंप किंवा जनित्र पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालत असेल तर तीन-साडेतीनला सेल्फ मारावाच लागतो. तेव्हा नुसतं ‘कट्’ वाजून गाडी गप्प झाली, तर मेकॅनिक झोपेतून उठून येईपर्यंत पीक करपलेलं असतं. तुषार संचावर भिस्त ठेवणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. हिमात एकदा सुरू केलेले तुषार झाडावरचा बर्फ वितळेपर्यंत थांबवता येत नाहीत. मध्येच पंप बंद पडला तर ओल्या पानातली उष्णता बाष्पीभवनात निघून जाते आणि न भिजवलेल्या पिकापेक्षा भिजवलेलं पीक जास्त मरतं.

अशा पहाटे रुसलेल्या ट्रॅक्टरच्या इंजिनात बिघाड क्वचितच असतो. दोष असतो टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या-हिरव्या खारात, हाताने फिरणाऱ्या सैल क्लॅम्पमध्ये आणि चेसीला जोडलेल्या गंजक्या अर्थिंगच्या पट्टीत. पावसाळा संपल्यापासून तिकडे कुणी फिरकलेलं नसतं. ऊन असताना तेवढ्या जोडावरही गाडी सुरू होते, म्हणून कळत नाही. थंडीत मात्र दोन्हीकडून कोंडी होते: शून्य अंशाच्या आसपास बॅटरीची सेल्फ फिरवायची ताकद साधारण एक तृतीयांशाने घटते आणि ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच सगळं चालतं. इंजिन हळू फिरलं की दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून निसटते, उरलेली ऊब थंड सिलिंडर ओढून घेतो, आणि डिझेल आत पोचूनही पेटत नाही.

आधी कान द्या

- नुसतं एक ‘कट्’, हेडलाइट एकदम मंद: जोड खराब किंवा बॅटरी उतरलेली.
- ‘कटकटकट’ असा पाठोपाठ आवाज: बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली, नाहीतर जोड सैल.
- ‘घर्रर... घर्रर...’ असं रडत फिरतंय: बॅटरी, जोड किंवा जाड ऑइल.
- झपाझप फिरतंय, सायलेन्सरला धूरच नाही: डिझेल येत नाही. स्टॉपची दांडी ओढलेली राहिली आहे का ते आधी बघा, हसू नका.
- झपाझप फिरतंय, पांढरा धूर येतोय, पण धरत नाही: डिझेल येतंय, पेटत नाही. इंजिनात जाणारी हवा तापवणारा हीटर असेल तर तो तपासा. नसेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब.
- काहीच नाही: क्लच पूर्ण दाबला आहे का, गिअर न्यूट्रल आहे का, पीटीओ सुटा आहे का. बऱ्याच ट्रॅक्टरांत सेफ्टी स्विचमुळे सेल्फला करंटच जात नाही.

पहिल्या तिन्ही आवाजांत बॅटरी बदलायची घाई करू नका. पाच सेकंद सेल्फ मारा, चावी बंद करा आणि लगेच दोन्ही क्लॅम्पना, अर्थिंगच्या बोल्टला आणि सेल्फवरच्या जाड वायरच्या नटाला बोट लावून बघा. जो जोड कोमट-गरम लागेल तिथेच करंट अडतोय. मीटर असेल तर त्याची एक सळई बॅटरीच्या खांबावर (शिशाच्या उंचवट्यावर, वायरीच्या क्लॅम्पवर नव्हे) आणि दुसरी त्याच क्लॅम्पवर धरून सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.१ व्होल्टच्या वर गेला तर तो जोड उघडून साफ करायचाच. मग तसंच सेल्फ मारत असताना बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून इंजिनच्या उघड्या लोखंडापर्यंत मोजा. इथे ०.२ च्या वर असेल तर अर्थिंगची पट्टी दोषी.

ही पट्टीच सगळ्यात जास्त विसरली जाते. ती खाली असते, चिखल आणि खताचं पाणी तिच्यावर उडत राहतं, आणि वरून धड दिसली तरी बोल्टखालची जागा रंग-गंजाने भरलेली असते. नट नुसता आवळून उपयोग नाही. पट्टी काढा, दोन्ही टोकं आणि चेसीची जागा पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासा, मग आवळा.

टर्मिनल साफ करण्याची रीत

चावी बंद. आधी निगेटिव्ह सोडा, मग पॉझिटिव्ह. उलट केलं आणि पाना चेसीला टेकला तर मोठी ठिणगी उडते, आणि बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन असतो. अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने खार धुवा. फेस यायचा थांबला की आम्ल संपलं. बुचं घट्ट लावलेली असू द्या, सोड्याचं पाणी कप्प्यात गेलं तर बॅटरी कामातून जाईल. कोरडं पुसा, खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू घासा. क्लॅम्प खांबावर पूर्ण खाली बसवून आवळा, हाताने तसूभरही फिरता कामा नये. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन. व्हॅसलीन आधी लावू नका. जोडताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी.

वीस मिनिटांचं काम आहे. याच्याऐवजी दुकानातून ‘बॅटरी टॉनिक’ची बाटली, टर्मिनलचा महागडा स्प्रे किंवा नवा सेल्फ घरी येतो. जोड साफ करून पुन्हा सेल्फ मारून बघितल्याशिवाय कुणी नवी बॅटरी गळ्यात मारत असेल, तर परत फिरा. मोठ्या अ‍ॅम्पिअरची बॅटरी गंजक्या पट्टीवर लावली तरी पहाटे तेच ‘कट्’ ऐकू येणार.

बॅटरीचे आकडे

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मोजा. १२.६ व्होल्ट किंवा वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे साधारण पाव. सेल्फ फिरत असताना ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवं. त्याखाली राहिलं तर इंजिन बंद करून फॅनबेल्ट अंगठ्याने दाबून बघा, १०-१५ मिलिमीटरपेक्षा जास्त दबत असेल तर ताणा.

बुचं उघडता येणारी बॅटरी असेल तर ग्रॅव्हिटीवर (हायड्रोमीटरने मोजलेल्या आम्लाच्या घनतेवर) जास्त विश्वास ठेवा. भरलेल्या कप्प्यात १.२६० ते १.२८०. एका कप्प्यात इतरांपेक्षा ०.०५० हून जास्त फरक असेल तर तो कप्पा गेला, तेव्हा मात्र बॅटरी बदला. पाणी प्लेटांच्या वर १०-१२ मिलिमीटर, डिस्टिल्डच. विहिरीचं-बोअरचं नको आणि ग्रॅव्हिटी कमी दिसली म्हणून आम्ल तर मुळीच ओतू नका. चार्जिंग अ‍ॅम्पिअर-अवरच्या दहाव्या हिश्शाने: ८० ची बॅटरी असेल तर ८ अ‍ॅम्पिअरवर दहा-बारा तास, उघड्या हवेत, जवळ विडी-काडी नको. पूर्ण उतरलेली बॅटरी उणे ७ अंशांच्या आसपास गोठून फुटू शकते, भरलेली तशी गोठत नाही.

बॅटरी चांगली, जोड चांगले, तरी दर आठ-पंधरा दिवसांनी उतरते? मग टेप, जादा एलईडी दिवे, मोबाइल चार्जर यांच्या वायरी थेट बॅटरीवर मारलेल्या आहेत का बघा. सगळं बंद करून निगेटिव्ह वायर आणि खांब यांच्यामध्ये मीटर अ‍ॅम्पिअरवर लावा. मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारू नका. ५० मिलिअ‍ॅम्पिअर जात असतील तर दिवसाला १.२ अ‍ॅम्पिअर-अवर, तीन आठवड्यांत २५. म्हणजे ८० च्या बॅटरीचा जवळजवळ तिसरा हिस्सा, टेपवर एक गाणंही न ऐकता.

डिझेल आणि ऑइल, थोडक्यात

- संध्याकाळी टाकी भरून ठेवा, रिकाम्या जागेत दंवाचं पाणी धरतं.
- पाणी वेगळं करणाऱ्या वाटीखालचा नट आठवड्याला सोडून पाणी काढा.
- उन्हाळ्यात पिंपात भरून ठेवलेलं डिझेल थंडीत वापरू नका, मेण धरून फिल्टर तुंबतो.
- फिल्टर बदलला की हँड पंपाने हवा काढा, बुडबुडे थांबेपर्यंत.
- कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून फार मोठ्या दाबाने डिझेल देणाऱ्या) इंजिनाचे इंजेक्टर पाइप सैल करू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं.
- ऑइलच्या ग्रेडमध्ये ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीचा. २०डब्ल्यू-४० ऐवजी १५डब्ल्यू-४० चालतं का ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत बघा.
- पारा शून्याखाली जात असेल तर रेडिएटरमध्ये नुसतं पाणी नको. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं.

डिझेलमध्ये टाकायच्या बाटल्यांचा आग्रह या दिवसांत फार होतो. वाटीत पाणी साचलेलं असताना त्या बाटलीने काही सुटत नाही. पेट्रोल मिसळण्याचा सल्ला कुणी देत असेल तर ऐकू नका, टाकीत स्फोटक वाफ तयार होते.

पहाटे सेल्फ मारताना

हीटर असेल तर पुस्तिकेत दिलेली सेकंदं थांबा. क्लच पूर्ण दाबा, म्हणजे गिअरबॉक्सचं घट्ट ऑइल सेल्फला ओढावं लागत नाही. थ्रॉटल अर्धा. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये किमान ३० सेकंद विसावा. तीनदा झालं की थांबा आणि जोडांना बोट लावून बघा. सेल्फ मारण्याआधी अर्धा मिनिट हेडलाइट लावून बॅटरी ‘जागी’ करायची पद्धत काही जण सांगतात. अर्धवट उतरलेल्या बॅटरीत त्याने आहे तेही जातं असा अंदाज आहे, आम्ही ती सांगणार नाही. रात्री बॅटरीवर कोरडं गोणपाट टाकून, रेडिएटर भिंतीकडे करून गाडी लावली तर पहाटे थोडा फरक पडतो असं दिसतं. याला मापाचा आधार नाही, पण खर्चही नाही. सेल्फ मारण्याआधी गोणपाट काढा.

दुसऱ्या बॅटरीवरून सुरू करायचं असेल तर १२ व्होल्टला १२ व्होल्टच. पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, मग चांगल्या बॅटरीचा निगेटिव्ह, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब.

खाली उभं राहून पान्याने सेल्फ शॉर्ट करू नका. सेफ्टी स्विच चुकवला जातो, गाडी गिअरमध्ये असेल तर सुरू होताच पुढे निघते आणि मागचं चाक माणसावरून जातं. चेंबरखाली (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली) पाचट पेटवणं आणि हीटर असलेल्या इंजिनात ईथरचा (झटकन पेटणाऱ्या द्रवाचा) स्प्रे मारणं, दोन्ही बंद. सुरू झाल्यावर बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवू नका. चार-पाच मिनिटं कमी रेसवर राहू द्या, ऑइलचा दाब आला की मग पीटीओ टाका.

पंप सुरू झाला की एक माणूस ट्रॅक्टरपाशी राहू द्या आणि त्याच्याजवळ १३ चा पाना, पॉलिश पेपर आणि टॉर्च असू द्या. बर्फ वितळेपर्यंत इंजिन बंद करायचं नाही, डिझेलही चालू इंजिनात भरायचं नाही, त्यामुळे टाकी रात्रीच काठोकाठ हवी.